मैलापाणी प्रकल्पाआधी नदीकाठचे जीवन कसे पाहायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मुळा-मुठेच्या काठाने मलवाहिन्यांची कामे निघाल्यापासून सोसायट्या, नदीप्रेमी मंडळी, तरुण अभियंते, कधी एखादे नगरसेवक असे अनेक जण मला तेच ते प्रश्न विचारतात. मी वनस्पतींची पाहणी करते, आणि माझे सहकारी पक्षी, बेडूक आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची. दरवेळी फोनवर तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळे सविस्तर लिहून ठेवावे म्हणून हे पान. उदाहरणे बहुतेक पुण्याची आहेत, कारण हाच काठ मी पायी फिरले आहे. ओढा कोणत्याही गावचा असला तरी गोष्टी फारशा बदलत नाहीत.

मैलापाणी शुद्ध करणे तर नदीच्याच भल्याचे. मग आधी झाडे आणि पक्षी मोजण्यात वेळ का घालवायचा?

भल्याचे आहेच, आणि ते लवकर व्हावे असे मलाही मनापासून वाटते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्राच्या शहरांत रोज सुमारे ९,१०७ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होते आणि ते शुद्ध करायची उभारलेली क्षमता होती ६,८९० दशलक्ष लिटर. प्रत्यक्षात शुद्ध होणारे पाणी त्याहूनही कमी. बाकीचे सगळे ओढ्यांतून नद्यांत. त्यामुळे प्रकल्प नको असे आम्ही कधीच म्हणत नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की ज्या नदीसाठी हे चालले आहे तिचा काठ त्या कामातच जाऊ नये. पाणी स्वच्छ करायला दहा वर्षे लागली तरी ते होऊ शकते. काठावरचे शंभर वर्षांचे उंबर मात्र एका दुपारी आडवे होते, आणि ते परत उभे राहिलेले पाहायला आपण नसतो.

जास्त नुकसान कशाने होते, शुद्धीकरण केंद्राने की वाहिन्यांनी?

बहुतेक वेळा वाहिन्यांनी. लोकांचे लक्ष केंद्राच्या भिंतीकडे असते, कारण ती दिसते. पण केंद्राची जागा ठरलेली, कुंपण घातलेली असते आणि नुकसान त्या कुंपणात मावते. वाहिनीचे तसे नाही.

मैलापाणी शक्यतो पंपाशिवाय, उताराने वाहावे असा अभियंत्यांचा प्रयत्न असतो आणि तो बरोबर आहे. पंप आला की वीज आली, वीज गेली की मैला नदीत आला. म्हणून मुख्य वाहिनी शहरातल्या सगळ्यात सखल रेषेने, म्हणजे ओढ्याच्या आणि नदीच्या काठाने जाते. नेमकी हीच रेषा शहरात शिल्लक राहिलेला एकमेव सलग हिरवा पट्टा असते. मुंगूस, धामण, घोरपड, रानमांजर यांना एका भागातून दुसरीकडे जायचे तर याच पट्ट्यातून.

नकाशावर वाहिनी म्हणजे पेन्सिलीची एक रेघ. जमिनीवर तिच्यासाठी खंदक लागतो, शेजारी मातीचा ढीग लागतो, पोकलेनला वावरायला जागा लागते आणि पाइप उतरवायला ट्रकचा रस्ता लागतो. एक मीटर व्यासाचा पाइप टाकायचा तर आठ-दहा मीटर रुंदीचा पट्टा सहज साफ होतो. ओढ्याच्या काठाची झाडी बऱ्याचदा तेवढीच रुंद असते.

म्हणून केंद्राची जागा पाहायला बोलावले तर आम्ही आधी वाहिन्यांचा नकाशा मागतो. तो 'अजून ठरायचा आहे' असे उत्तर मिळाले तर मी खूश होते. तेव्हाच काहीतरी वाचवता येते.

आमच्या ओढ्याचे केव्हाच गटार झाले आहे. तिथे पाहण्यासारखे काय उरले असणार?

नाक दाबून का होईना, पहाटे सहाला तासभर उभे राहून पाहा. पाणी मेलेले असले तरी काठ जिवंत असू शकतो. मुठेच्या आणि मुळेच्या काही तुकड्यांवर अजून वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, शेरणी उभी आहेत. वाळुंज आणि शेरणीच्या मुळांनी पुराच्या पाण्यात काठ धरून ठेवलेला असतो. मातीच्या उभ्या दरडीत वेडा राघू आणि खंड्या बिळे करून पिल्ले वाढवतात. पाण्यावर झुकलेल्या बाभळीवर पावसाळ्यात सुगरणीची घरटी लोंबतात. मोठ्या झाडांवर रातबगळ्यांची वस्ती असते, ती खालच्या पांढऱ्या झालेल्या पानांवरून ओळखू येते. गोट्यांच्या उघड्या पुळणीवर टिटवी अंडी घालते आणि ती इतकी दगडासारखी दिसतात की आमच्या माणसालाही पाय टाकताना दोनदा पाहावे लागते.

'इथे काही नाही' हे वाक्य पाहणी झाल्यावर म्हणावे. आधी म्हटले तर तो अंदाज झाला.

ही पाहणी कायद्याने बंधनकारक आहे का?

यात फार गोंधळ आहे, म्हणून जरा तपशिलात सांगते.

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत कोणत्या प्रकल्पांना आगाऊ पर्यावरण मंजुरी लागते याची यादी आहे. कारखान्यांच्या सांडपाण्यासाठीची सामाईक शुद्धीकरण केंद्रे त्या यादीत आहेत. शहराच्या मैलापाण्याचे स्वतंत्र केंद्र मात्र नाही. म्हणजे महापालिकेचे केंद्र साध्या जागेवर असेल तर या अधिसूचनेखाली मूल्यांकन करावेच लागते असे नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीसाठीची संमती १९७४ च्या जल कायद्याखाली लागते, पण तिचा भर पाण्याच्या दर्जावर असतो, काठावरच्या जिवांवर नाही.

मग पाहणीचा आग्रह कोणत्या आधारावर धरायचा? आधार आहेत, पण विखुरलेले. जागा किनारा नियमन क्षेत्रात असेल तर ती मंजुरी लागते. वनजमीन असेल तर १९८० च्या वन कायद्याखालची. अभयारण्यात किंवा त्याच्या संवेदनशील क्षेत्रात असेल तर वन्यजीव विभागाचा विषय येतो. झाडे तोडायची तर शहरी भागात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा अधिनियम लागू होतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा अधिक वयाचे झाड 'वारसा वृक्ष' मानले जाते. पैसा परदेशी कर्जाचा असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या अटी असतात. पुण्याच्या मुळा-मुठा प्रकल्पाचे कर्ज जपानच्या जायका संस्थेचे आहे. २०१६ मध्ये झालेल्या त्या कराराच्या वेळी ११ केंद्रे, एकूण क्षमता रोज ३९६ दशलक्ष लिटर आणि खर्च सुमारे ९९० कोटी रुपये असा आराखडा होता. जायकाची पर्यावरण व सामाजिक बाबींची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर आहेत आणि नागरिकांना ती वाचून त्यांवर बोट ठेवता येते.

शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. नोंदवही मागून पाहा. तुमच्या ओढ्याचे नाव तिच्यात नसेल तर ते घालून घेणे हेच पहिले काम. पुण्यातले गणेशखिंड उद्यान २०२० मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाले. शहराच्या मध्यभागी असे घडू शकते, एवढे तरी त्यातून कळते.

पाहणी कोणत्या ऋतूत करावी? एक फेरी पुरे नाही का?

नाही. निदान तीन फेऱ्या हव्यात: हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा.

एक जुना अनुभव सांगते. गावाबाहेरच्या एका माळावर पंपिंग स्टेशन होणार होते. मला मे महिन्यात बोलावले. काळा खडक, वाळलेले गवत, दोन बोरी. मी अहवालात 'खडकाळ पडीक' असे लिहिले आणि ते तेव्हा खरेच तसे दिसत होते. ऑगस्टमध्ये सहज तिकडून जाताना थांबले, तर त्याच खडकाच्या भेगांत खर्पुडी फुललेली, साचलेल्या पाण्याच्या कडेने सीतेच्या आसवांचा जांभळा थर आणि गेंदाची पांढरी बटणे. अहवाल तोवर पुढे गेला होता. पुरवणी टिपण पाठवले, त्यावरून जागा काही मीटर सरकवली गेली, पण सगळा माळ वाचला नाही. तेव्हापासून पावसाळा न पाहता सह्याद्रीच्या परिसरातल्या कुठल्याही खडकाळ जमिनीवर मी सही करत नाही.

ही माझ्या एकटीची चूक नव्हती, पद्धतच तशी आहे. पर्यावरण मूल्यांकनासाठी ठरवून दिलेल्या अटींत बहुधा 'पावसाळा वगळून एका हंगामाची' मोजणी मागितलेली असते. हवेतली धूळ मोजायची असेल तर पावसाळा वगळणे समजू शकते. वनस्पती आणि बेडकांसाठी मात्र तोच वर्षातला जागे होण्याचा काळ असतो. सड्यावरची, म्हणजे उघड्या खडकाळ माळावरची, बहुतेक फुले जून ते ऑक्टोबरमध्ये येतात आणि जातात. बेडूक पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या रात्रींत ओरडतात आणि ते ऐकूनच मोजावे लागतात. उन्हाळ्यात टिटवी, वेडा राघू, नदी सुरय यांची घरटी असतात. हिवाळ्यात थापट्या, चक्रवाक, धोबी हे पाहुणे आलेले असतात. एका फेरीत यातले एकच पान वाचले जाते.

पाहणीत प्रत्यक्ष काय करतात?

आधी घरी बसून काम. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे, वीस वर्षांची उपग्रह चित्रे शेजारी शेजारी ठेवून, गावनकाशा, निळी आणि लाल पूररेषा, वृक्षगणना, पक्षीनिरीक्षकांच्या जुन्या नोंदी. उपग्रह चित्रांत एक गोष्ट मी मुद्दाम शोधते: उन्हाळ्यातही हिरवा राहणारा ठिपका. तिथे बहुधा झरा असतो. पुण्याच्या ओढ्यांत असे झरे अजून आहेत, आणि वाहिनीच्या खंदकाने झऱ्याची वाट तुटली की तो पुन्हा सापडत नाही.

मग जमिनीवर. वाहिनीच्या संपूर्ण रेघेने चालायचे, दोन्ही काठांनी. ठरावीक अंतरावर चौकटी आखायच्या, झाडांसाठी १० बाय १० मीटर, झुडपांसाठी ५ बाय ५, गवत आणि छोट्या रोपांसाठी १ बाय १. झाडाचा घेर छातीच्या उंचीला मोजायचा. ढोल्या, बिळे, घरटी, विष्ठा, पावलांचे ठसे यांची जागा यंत्राने नोंदवायची. पहाटे पक्षी, संध्याकाळी वटवाघळे, रात्री बेडूक. शक्य तिथे आपोआप छायाचित्र काढणारे कॅमेरे लावायचे.

आणि माणसांना विचारायचे. हे मी कधीच शेवटी ठेवत नाही. मासे पकडणारे, म्हशी पाण्यावर आणणारे, काठावर गवत कापणाऱ्या बायका यांना जे ठाऊक असते ते आमच्या चौकटीत सापडत नाही. एका मावशींनी मला अमुक वडाखाली दुपारी थांबू नका म्हणून सांगितले. वर पाहिले तर शेकडो मोठी वटवाघळे लटकलेली. आदल्या आठवड्यात आम्ही त्याच झाडाचा घेर मोजून पुढे गेलो होतो आणि ती कोवळ्या पानांच्या पलीकडे दिसली नव्हती.

घरटे सापडले तर काम थांबते का?

थांबायला हवे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे, त्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणे हे येते. संरक्षित सूचीतल्या प्रजातींना ते लागू आहे. बंदूक लागत नाही, पोकलेनचा पंजाही पुरतो.

पण घरटे सापडल्यावर धावपळ करण्यापेक्षा कामाचे वेळापत्रक आधीच तसे आखावे. उभ्या दरडीची कापणी मार्च ते जूनमध्ये करू नये. सुगरणीच्या झाडांना पावसाळ्यात हात लावू नये. यासाठी वेगळा पैसा लागत नाही, निविदेत दोन ओळी लागतात.

'झाडे तोडणार नाही, उचलून दुसरीकडे लावू' असे सांगतात. विश्वास ठेवावा का?

झाड कोणते, त्यावर अवलंबून. वड, पिंपळ, उंबर ही मंडळी चिवट, नीट मुळांच्या गोळ्यासकट हलवली आणि दोन-तीन उन्हाळे पाणी घातले तर जगतात. खोल सोटमूळ असलेली, वय झालेली झाडे क्वचितच. जांभळाचा जुना वृक्ष हलवला आणि टिकला, असे मी पाहिलेले नाही. शिवाय हलते ते फक्त झाड. त्याखालची सावली, ढोलीतले पिंगळे, मुळांनी धरलेला काठ मागेच राहतो.

२०२१ च्या दुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावायची आहेत. पन्नास वर्षांच्या झाडामागे पन्नास रोपे. लावा, जरूर लावा. पण नदीकाठच्या वाळुंजाच्या बदल्यात टेकडीवर गुलमोहर लावला तर नदीला त्यातून काहीच मिळत नाही.

मग वाहिनी न्यायची तरी कुठून?

बऱ्याचदा काठाला समांतर असलेल्या रस्त्याखालून. खोली वाढते, वाहतूक काही दिवस वळवावी लागते, खर्च वाढतो. जिथे रस्ता नाही तिथे चांगल्या झाडीच्या टप्प्यापुरती खोदाई न करता जमिनीखालून पाइप ढकलत नेता येतो. दोन टोकांना दोन खड्डे, मधला काठ शाबूत. सगळीकडे हे परवडणार नाही हे मान्य. म्हणूनच कोणते दोनशे मीटर अनमोल आहेत हे पाहणीने दाखवून द्यायचे असते.

मैलापाणी बंद झाले की आहेत ते पक्षीही जातील, असे ऐकले. खरे आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण त्याचे उत्तर हो आणि नाही असे दोन्ही आहे.

मैलापाण्यात सेंद्रिय गाळ असतो, गाळात अळ्या आणि किडे, त्यांवर शेकाट्या, थापट्या, धोबी जगतात. प्रदूषित टप्प्यावर शेकाट्यांचे मोठे थवे दिसले की लोकांना वाटते नदी छान आहे. थवे मोठे असतात, पण प्रजाती मोजक्याच. ज्यांना स्वच्छ पाण्यातले मासे आणि गोगलगायी लागतात ते तिथून केव्हाच गेलेले असतात. पाणी सुधारले की पहिल्यांची संख्या घटेल आणि दुसरे हळूहळू परततील. ते परतायला काठ मात्र शिल्लक हवा.

मुंबईत हा प्रश्न आणखी मोठा आहे. ठाणे खाडीचे रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झाले. रोहित पक्षी तिथे शेवाळ खाऊन राहतात आणि खाडीत मैलापाण्याबरोबर येणाऱ्या पोषकद्रव्यांशी त्या शेवाळाचा संबंध अभ्यासक जोडतात. भांडुप आणि घाटकोपरची केंद्रे याच खाडीच्या बाजूला. म्हणून ती सुधारूच नयेत असे म्हणणे चुकीचे ठरेल, पण पाण्याचा दर्जा बदलताना खाडीत काय बदलते याची वर्षानुवर्षे नोंद ठेवायलाच हवी.

दुसरे टोक कोलकात्याचे. तिथल्या पूर्वेकडच्या पाणथळींत शहराचे सांडपाणी तळ्यांत मुरवून मासे वाढवतात. सुमारे १२,५०० हेक्टरचा हा परिसर २००२ पासून रामसर स्थळ आहे. जागा असलेल्या लहान गावांनी काँक्रीटच्या टाक्यांकडे वळण्याआधी तळ्यांच्या पद्धतीचा विचार करावा असे माझे स्पष्ट मत आहे. शुद्धीकरणही होते आणि पाणपक्ष्यांना जागाही मिळते.

शुद्ध केलेले पाणी कुठे सोडतात याचाही अभ्यास लागतो का?

लागतो. पाणी शुद्ध असले म्हणजे ते कुठेही चालते असे नाही. लोणारचे सरोवर खारे आहे, त्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास, आणि तिथले सूक्ष्मजीव त्या क्षारतेवरच जगतात. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेही क्षारता वाढून अशाच खारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. तिथे वरून गोडे पाणी येत राहिले तर ते कितीही स्वच्छ असो, सरोवराचा स्वभाव बदलणार.

नदीतही दोन गोष्टी तपासा: पाण्यात अमोनिया किती उरतो, आणि जंतू मारायला क्लोरीन वापरले असेल तर ते सोडण्याआधी काढून टाकतात का. दोन्ही माशांना विषारी. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात जैविक ऑक्सिजन मागणीची (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जंतूंना लागणाऱ्या ऑक्सिजनची) मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम सांगितली. निविदेत कोणती मर्यादा धरली आहे ते पाहा.

कोकणात आणि गोव्यात वेगळे काय पाहायचे?

खारफुटी. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानुसार सार्वजनिक हिताचे काम असले तरी खारफुटी तोडायला न्यायालयाची परवानगी लागते, आणि भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही राखायचा आहे. गोव्यात खाजन जमिनी, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेली शेते. तिथे बांध आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या, दारांवर गोड्या-खाऱ्या पाण्याचा तोल चालतो, वाहिनीसाठी बांध फोडला तर मागची सगळी शेती खारी होते. आणि पाणमांजर. ओल्या कातळावर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा दिसली की थांबा, ती जागा सोडून वाहिनी नेता येते का ते विचारा.

अहवाल हातात आला. तो मनापासून केलाय की उरकलाय, हे कसे ओळखायचे?

तारखा पाहा. सगळ्या फेऱ्या एकाच आठवड्यातल्या असतील तर अर्थ उघड आहे. मग प्रजातींची यादी पाहा, तुमच्या ओढ्यात कधीच नसलेले प्राणी तिच्यात असले तर ती दुसऱ्या प्रकल्पावरून उचललेली आहे. मी एका अहवालात पुण्याच्या नाल्याकाठी समुद्रकिनाऱ्यावरच्या वनस्पती वाचल्या आहेत. नकाशावर घरटी, ढोल्या, झरे यांच्या खुणा आहेत का ते बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचे, पाहणीमुळे आराखड्यात काही बदलले का? एक चेंबर जरी सरकवला असेल तरी तो अहवाल कोणीतरी वाचला आहे.

काम तर सुरू झाले आहे. आता काय करता येईल?

अजून बरेच करता येते. वृक्ष प्राधिकरणाची नोटीस झाडावर आणि वृत्तपत्रात लागते, तिच्या मुदतीत लेखी हरकत द्या, झाडाच्या छायाचित्रासह. माहितीच्या अधिकारात वाहिनीचा नकाशा, वृक्षतोडीची परवानगी आणि पाहणीचा अहवाल मागा. जागेवरच्या अभियंत्यांशी बोला. माझा अनुभव असा, की घरटे बोट दाखवून दाखवले तर बहुतेक जण पाहतात आणि चार दिवस थांबतातही. खंदक बुजवताना वरची माती वरच टाकायला सांगा. खालचा मुरूम वर आला तर तिथे पुढची कित्येक वर्षे फक्त गाजर गवत उगवते. वरच्या मातीत मात्र जुन्या गवताचे आणि झाडांचे बी असते, आणि पहिल्या पावसातच काठ हिरवा व्हायला लागतो. बुजवलेल्या पट्ट्यावर वाळुंजाच्या फांद्यांची छाट कलमे पावसाच्या सुरुवातीला ओल्या मातीत खोवा, हातभर अंतराने, पाण्याच्या कडेला. ती फुटतात.